भिंतीपलीकडचा अभ्यास

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पंचगंगेच्या पुरात वाहून आलेली प्रेतं काढली. त्यातलं पुष्कळसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझाच गोंधळ होतो. पण एका बाईचा अभ्यास करतानाचा आवाज मात्र अजून जसाच्या तसा कानात आहे. तो विसरावा असं मलाच कधी वाटलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. कोणाचंही नाव सांगणार नाही. या प्रकरणातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांनी आपापले संसार पुन्हा उभे केले आहेत.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. मी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभा राहून स्टेशन डायरी वाचत होतो. एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि आरडाओरडा ऐकू आला. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला एक दांडगा माणूस रिक्षातून उतरायला बघत होता आणि त्याची बायको त्याला परत आत ढकलत होती. शेवटी दोन शिपायांनी त्याला उचलून आणून बाकावर बसवलं.

शाहूपुरीत त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरात राहिलेलं मुसलमान घराणं. स्कूटर घसरून पाय मोडल्यामुळे तो घरीच पडून होता. गल्लीत त्याला सगळे चाचा म्हणत.

"साहेब, ही म्हणती मला खूळ लागलंय," त्याने बायकोकडे बोट दाखवलं. "लागलं आसंल तर तसं तोंडावर सांगा, गप घरला जातो. पर आधी ऐकून घ्या."

"बोला."

"माझ्या भिंतीपलीकडं एक डॉक्टरीण ऱ्हाती. रोज दिवेलागणीला मोठ्यानं वाचती. त्या खोलीत बाई बोलतीया साहेब, पर बाई न्हाय."

बायकोने कपाळाला हात लावला. मी चहा मागवला. माणूस खुळा आहे की घाबरलेला आहे हे चहा पिताना बऱ्यापैकी कळतं. चाचाने कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता.

त्याने सांगितलं ते असं. शहराच्या पूर्वेकडच्या एका वसाहतीत त्यांची जोडघरं होती, मधली भिंत सामाईक. पलीकडे एक तरुण डॉक्टर, त्याची विधवा आई आणि त्याची बायको. तीही डॉक्टर. एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी जी प्रवेश परीक्षा असते तिची ती तयारी करत होती. त्यासाठी तिने दवाखान्यातली नोकरीही सोडली होती. ही परीक्षा म्हणजे काय, ते मला त्या प्रकरणात समजलं. वर्षातून एकदा होते. सगळे प्रश्न पर्यायांचे, ए, बी, सी, डी. हजारो डॉक्टर बसतात आणि जागा मूठभर. एखाद्या गुणाने माणूस वर्षभर मागे पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

घरकामातून वेळ मिळत नाही म्हणून या बाईने एक युक्ती काढली होती. प्रश्न आणि उत्तरं स्वतःच्या आवाजात टेप करायची आणि चपात्या लाटताना ऐकायची. गल्लीला तिचा आवाज सवयीचा झाला होता.

"मग टेपच असेल ती," मी म्हटलं.

"व्हय की. टेपच हाय. एका जागी ती बी म्हणती. मग खोकती. मग म्हणती, नाही नाही, सी. रोज बी, रोज खोकला, रोज सी. मला इंग्लिश येत न्हाय, पर एवढं कळतंय. आधी रोज नवं नवं असायचं. आता तीनेक आठवडं ह्येच."

"बरं मग?"

"मग बाई कुठं हाय?" चाचा एकदम ओरडला. "रोज सकाळी कपडे वाळत घालताना इचारायची, चाचा, पाय काय म्हणतोय? कंपाउंडावरनं वाकून बोटं हलवून बघायची, प्लास्टर घट्ट न्हाय ना म्हणून. तीन आठवडं झालं, बाई अंगणात न्हाय. तिच्या नवऱ्याला इचारलं, तर म्हणतो अभ्यास करतीया, ऐकू येत न्हाय काय तुमाला? आता ऐकू तर येतंय!"

तक्रार म्हणावी तर काहीच नव्हतं. मी डायरीत नोंद घेतली आणि बीटच्या हवालदाराला चौकशीला पाठवलं. संध्याकाळी तो परत आला. चांगला अनुभवी माणूस.

"साहेब, काय नाही. बाई आतल्या खोलीत वाचत होती. मी स्वतः ऐकलं. सासूबाईंनी चहा दिला."

"तू तिच्याशी बोललास?"

"बोलणार कसा? मोठ्यानं वाचत होती की ती."

डायरीत 'गैर काही आढळून आले नाही' अशी नोंद झाली. कागदोपत्री प्रकरण तिथे संपलं होतं. पण चाचाचा बशीत सांडणारा चहा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. दांडगी माणसं उगाच घाबरत नाहीत. मी बाईच्या माहेरची चौकशी केली. वडील राधानगरीकडच्या एका खेड्यात राहत होते. भातशेती आणि चार म्हशी. त्यांच्या गावच्या पोलीस पाटलामार्फत निरोप धाडला, तसे दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने आले. डोक्याला टोपी, हातात गवती चहाची जुडी आणि तुपाचा डबा. मुलीकडे जायचंच आहे तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून.

"तुम्ही मुलीला शेवटचं कधी भेटलात?" मी विचारलं.

"आलतो की मागल्या आठवड्यात. जावईबापूंनी सांगितलेलं, परीक्षा होईस्तोवर भेटू नका, ध्यान मोडतं. पर म्हस व्यालेली, खरवस आणलेला तिच्यासाठी. म्हटलं देऊन जावं."

"मग भेटली?"

"न्हाय. दाराबाहेर उभा ऱ्हायलो. आत वाचत हुती. लई येळ ऐकलं." ते हसले. "कळत काय न्हाय साहेब आमाला त्यातलं. पर आमच्या आख्ख्या गावात पहिली डॉक्टर ती. बरं वाटलं. गप परत गेलो."

एका महिला हवालदाराला सोबत घेतलं आणि साध्या कपड्यांत आम्ही तिघं त्या घरी गेलो. सूर्य मावळायला आला होता.

दार डॉक्टरानेच उघडलं. तिशीतला, गोरागोमटा, चष्मा लावलेला. सासऱ्यांना पाहून क्षणभर थबकला, मग वाकून नमस्कार केला. मी ओळख दिली. नेहमीची चौकशी आहे, शेजाऱ्यांनी काळजी व्यक्त केली आहे, बाईंना दोन मिनिटं भेटलो की झालं, असं सांगितलं.

"बसा ना," तो म्हणाला. "परीक्षा आठवड्यावर आली आहे. तिची एकाग्रता मोडली तर वर्ष जातं, साहेब. मी स्वतः त्यातून गेलोय म्हणून सांगतो."

घर स्वच्छ होतं. बैठकीच्या खोलीला लागून आत जायचं दार, त्याच्यावर जाड निळा पडदा. आतून काहीच आवाज येत नव्हता. सासूबाई पाणी घेऊन आल्या. सुरकुतलेल्या, अंगाने बारीक, डोळे खाली. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं.

"देवापाशी दिवा लावून येते," म्हणत त्या पडद्याआड गेल्या.

मग थोड्याच वेळात आवाज सुरू झाला.

स्पष्ट, तरुण, जरा घाईचा आवाज. इंग्रजी प्रश्न, चार पर्याय, थोडा थांबा, उत्तर. मागे कुकरची शिट्टी. सासूबाई परत येऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मी सहज स्वयंपाकघराकडे नजर टाकली. शेगडी बंद होती. कट्ट्यावर कुकर नव्हता.

"ऐका की साहेब," वडील माझ्याकडे झुकून म्हणाले. चेहरा उजळला होता. "माझीच पोरगी."

"हाक मारा तिला," मी म्हटलं.

त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग मोठ्याने मुलीला नावाने हाक मारली. डोंगरातला माणूस, आवाज खणखणीत. "बाळ, म्या आलोय गं!"

आतला आवाज तसाच चालू राहिला. पुढचा प्रश्न, चार पर्याय. अर्धा शब्दही अडखळला नाही. दोन वर्षांचं पोर असो की ऐंशीची म्हातारी, घरच्यांनी हाक मारली की माणूस क्षणभर तरी थांबतं. महिला हवालदार माझ्याकडे बघत होती.

"ती अशीच आहे," डॉक्टर हसला. "वाचायला बसली की जगाचं भान नसतं. ऐकताय ना, वाचतेय ती."

त्याच क्षणी वीज गेली. त्या काळात दिवेलागणीला वीज जाणं नेहमीचंच होतं. खोलीत काळोख झाला आणि आवाज एका शब्दाच्या मधोमध तुटला. ती 'न्यूमो' एवढंच म्हणाली होती.

बाहेर गल्लीत मुलांनी ओरडा केला, कुठेतरी मेणबत्ती शोधायची धांदल ऐकू आली. आत मात्र काही हललं नाही. खुर्ची सरकली नाही, पाऊल वाजलं नाही, 'आई, कंदील आणा' असं कोणी म्हटलं नाही.

"अंधारात कशी वाचणार?" डॉक्टर म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

मी बसून राहिलो. वडिलांचा श्वास मला ऐकू येत होता. काही मिनिटांनी डोक्यावरची ट्यूब फडफडली आणि पडद्यामागून एक जाडाभरडा, पुरुषी, घोगरा आवाज वर येऊ लागला. विहिरीच्या तळातून कोणी ओरडावं तसा. तो हळूहळू पातळ होत गेला, बाईचा झाला, आणि म्हणाला, 'निया.'

मग पुढचा पर्याय.

वडील उभे राहिले होते. तुपाचा डबा त्यांच्या हातातून पडला आणि गडगडत गेला. मी पडदा बाजूला केला. दाराला बाहेरून कडी होती.

"साहेब, ती आजारी आहे, मी तिच्यावर उपचार करतोय, तुम्हाला असं..." डॉक्टर मध्ये आला. मी त्याला बाजूला केलं आणि कडी काढली.

आजवर मी अनेक बंद दारं उघडली आहेत. आत काय असेल याची तयारी मनाने केलेली असते. त्या दिवशी माझी तयारी प्रेताची होती.

खोलीत खिडकीला कागद चिकटवलेले. टेबलावर जाड पुस्तकं आणि टेपरेकॉर्डर. त्याच्यापासून हातभर अंतरावर खाट, आणि खाटेवर ती. जिवंत होती. हाताला सलाईनची सुई, केस मागे नीट विंचरलेले, अंगावर धुतलेली चादर. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठेच नाही. टेपमधली ती टेबलावरून घाईघाईने बोलत होती आणि खाटेवरची ती छताकडे बघत होती.

महिला हवालदार वाकली आणि दचकून मागे सरली. "साहेब, ओठ बघा."

बाईचे ओठ हलत होते. टेपने प्रश्न वाचला, पर्याय वाचले, आणि टेपने उत्तर द्यायच्या आधी त्या ओठांनी एक अक्षर केलं. आवाज नाही, नुसता आकार. मग टेप म्हणाली, 'डी.' पुढचा प्रश्न. पुन्हा ओठ हलले.

मी पुढे होऊन टेप बंद केली. ओठ थांबले. बाप खाटेशी बसून तिचे तळवे चोळत होता आणि तिला सारखा हाका मारत होता. भिंतीपलीकडून चाचाचा आवाज आला. "साहेब! सापडली काय? बाई सापडली काय?"

"सापडली," मी ओरडलो. "जिवंत आहे."

पलीकडे तो दांडगा माणूस हुंदके देऊन रडायला लागला, ते आम्हाला भिंतीतून ऐकू येत होतं.

रुग्णवाहिकेतून बाईला सरकारी दवाखान्यात हलवलं. दोन पंच बोलावून पंचनामा केला. औषधाच्या बाटल्या, टेप, कॅसेट मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. वडिलांची फिर्याद घेतली. गुंगीचं औषध देणं, बेकायदा डांबून ठेवणं, विवाहितेचा छळ, अशी कलमं लागली. मायलेकांना अटक झाली.

डॉक्टरची चौकशी सोपी नव्हती. तो शिकलेला होता आणि त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. बायकोला अभ्यासाचा ताण येऊन मानसिक झटका आला, ती स्वतःला इजा करेल म्हणून झोपवून ठेवलं, बदनामी नको म्हणून बाहेर बोललो नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरला का दाखवलं नाही, यावर तो म्हणाला, मीच डॉक्टर आहे. प्रत्येक प्रश्नाला तो आधी चष्मा पुसायचा आणि मग तेच उत्तर द्यायचा. मी आवाज चढवला नाही. अशा माणसावर ओरडलं की त्याला बरं वाटतं, त्याचा अपमान झाला एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

खरी वाट त्याच्या आईने दाखवली. महिला हवालदार त्यांच्यापाशी बसून होती. सुरुवातीला सगळा वेळ त्या 'मला काय ठावं न्हाय' एवढंच म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"साहेब, तिला आता खायला कोण घालतंय?"

"दवाखान्यात आहेत ना माणसं."

"घोट घोट द्यायला लागतंय. डोकं उचलून. न्हाईतर ठसका लागतोय तिला." त्यांनी हाताने मान कशी धरायची ते दाखवलं. "पेज पातळ करा म्हणावं."

मी त्यांच्यासमोर बसलो. "आई, तुम्ही तिची एवढी काळजी घेत होता. मग कडी का लावलीत?"

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत बोलत राहिल्या. मुलगा दर वर्षी ती परीक्षा देत होता आणि दर वर्षी नापास होत होता. लग्नानंतर दोघं एकत्र बसले, दोघांचंही हुकलं. पण तिचं थोडक्यात हुकलं होतं. या वर्षी तिचं होणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. तो तिला म्हणाला, या खेपेला तू फॉर्म भरू नको. तिने भरला. त्यावरून भांडण झालं. त्या दिवशी मुलगा आईच्या खोलीत येऊन म्हणाला, तिचा नंबर लागला आणि माझा लागला नाही, तर मी जिवंत राहणार नाही.

"एकुलता एक हाय साहेब. ह्याचा बाप लवकर गेला. म्या म्हटलं, परीक्षेपुरतं तर हाय. परीक्षा झाली की उठंल ती. पुढच्या सालाला देईल की. तिला काय होत न्हाय, नुसती झोपवतोय, म्हणाला."

"आणि टेप?"

"बटण म्या दाबायची. लोकांस्नी वाटावं म्हणून त्यानंच सांगितलं. पर साहेब, टेप लावली की ती गप पडायची. एरवी पाय झाडायची. म्हणून म्या दुपारचीबी लावायची कधी कधी. बारीक आवाजात."

हा जबाब समोर ठेवल्यावरही डॉक्टर बधला नाही. मी कागद बाजूला ठेवले आणि त्याला विचारलं, "या वर्षी तुमची तयारी कशी झालीय?"

गुन्ह्याबद्दल कोणी काही विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. याचं नव्हतं.

"मी शेजारच्या खोलीत बसून वाचायचो," तो म्हणाला. "ती स्वयंपाकघरात टेप लावून चपात्या करायची. मी प्रश्न ऐकायचो. मला उत्तर यायचं नाही आणि ती चपाती लाटता लाटता सांगायची. रोज. तिला कधी कळलंही नाही मी ऐकतोय ते."

"आणि मग तोच आवाज तुम्ही रोज घरात लावलात?"

"लावला नसता तर लोकांना संशय आला असता."

"तुम्हाला काय वाटायचं तो ऐकून?"

त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "शेवटी शेवटी मला ती सगळी उत्तरं यायला लागली होती," तो म्हणाला. नंतर त्याने सगळं सांगितलं.

बाई पूर्ण शुद्धीवर यायला वेळ लागला. जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावर मी महिला हवालदाराला घेऊन गेलो. परीक्षा आदल्याच दिवशी झाली होती. ती तिच्याविना झाली आणि कोठडीत बसलेल्या तिच्या नवऱ्याविनाही झाली. ती उशाला टेकून बसली होती. ताप आहे म्हणून नवऱ्याने पहिलं इंजेक्शन दिलं, तिथपर्यंतचं तिला नीट आठवत होतं.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढे दिवस नाहीत," ती म्हणाली. "नुसता आवाज आहे. आधी वाटायचं मीच बोलतेय. मग कळायचं माझं तोंड बंद आहे. मग वाटायचं, मी मेलेय आणि घरात दुसरी कोणीतरी माझ्या जागी आलीय, ती माझा अभ्यास करतेय. फार भीती वाटायची तिची." ती थांबली. "मग एकदा ती चुकली. बी म्हणाली. मला माहीत होतं की ते सी आहे. तेव्हा कळलं, मी आहे अजून. त्यानंतर मी ठरवलं, ती उत्तर द्यायच्या आधी आपण द्यायचं. जेवढी देता येतील तेवढी. बाकी काही मला करता येत नव्हतं."

महिला हवालदार खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी जबाब लिहिणाऱ्याला म्हटलं, आहे तसं लिही, एक शब्द बदलू नकोस.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर माझी बदली झाली होती. साक्षीसाठी कोल्हापूरला आलो तेव्हा ती कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. मी आधी ओळखलंच नाही. अंग भरलं होतं, खांद्याला पिशवी, बोलण्यात डॉक्टरांची घाई.

आरोपीच्या वकिलांचा सगळा भर तिला मानसिक आजार होता यावर होता. उलटतपासणीत त्यांनी विचारलं, "या घटनेनंतर आपण पुढे शिकू शकलात का?"

"हो. पुढच्याच वर्षी प्रवेश मिळाला."

"कोणत्या विषयाला?" वकील कागद चाळत होते, सहज विचारून गेले.

"भूलशास्त्र."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलंच, हा विषय का घेतलात? गुणांच्या मानाने दुसरं काहीही मिळालं असतं. तिने थोडा विचार केला. "झोपवलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्या उशाशी कोणीतरी त्याच्या बाजूचं बसलेलं असावं, साहेब."

सासूबाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला जबाब फिरवला. 'सगळं मीच केलं, पोराला काही ठाऊक न्हाय,' असं म्हणाल्या. इंजेक्शन कसं देतात ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता. न्यायालयाने त्याला दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं आणि आईला वय बघून सौम्य शिक्षा दिली. पुढे अपिलात काय झालं याचा मी पाठपुरावा केला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे फौजदार विचारायचे. मी त्यांना एवढंच सांगायचो. ज्या घरातून काही ऐकू येत नाही तिथे आपण दार ठोठावतो, आणि ज्या घरातून आवाज येतो तिथून समाधानाने परत फिरतो. परत फिरू नका. माणूस डोळ्यांनी बघा, त्याला प्रश्न विचारा, आणि त्याने तुमच्याच प्रश्नाचं उत्तर दिलं तरच डायरीत सही करा. मत्सराबद्दलही मी काही शिकलो. तो परक्यांमध्ये क्वचितच इतका वाढतो. एका छपराखाली, एकच स्वप्न बघणाऱ्या दोघांत तो वाढतो, आणि घरातल्या मायेलाच कामाला लावतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, त्या म्हातारीच्या तोंडून ऐकलेलं आहे.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर ती वडिलांशेजारी बसली होती. निकाल दुपारनंतर लागणार होता. ती कुठलंसं पुस्तक वाचत होती, मनातल्या मनात. म्हातारा हातात टोपी धरून समोर बघत होता. मी खांबापाशी उभा होतो. थोड्या थोड्या वेळाने तो तिला नावाने हाक मारायचा. ती पुस्तकातून मान वर करून म्हणायची, "काय, बाबा?"

"काय न्हाय," तो म्हणायचा आणि परत समोर बघायला लागायचा.

थोडा वेळ गेला की पुन्हा हाक. ती प्रत्येक वेळी वाचणं थांबवून त्याच्याकडे बघायची आणि ओ द्यायची. एकदाही वैतागली नाही.